हात थांबला की तिथंच

लहानपणी मला वाटायचं मामा तलाव म्हणजे माझ्या मामाचा तलाव. यात माझी काही चूक नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आम्ही मामाच्या गावी, तिकडं अर्जुनी मोरगावच्या बाजूला, गावाला लागूनच तलाव, तलावाचं नाव मामा तलाव, आणि मामा रोज सकाळी खांद्यावर दुपट्टा टाकून मला तिकडं असा घेऊन जायचा जसं काही घरच्याच न्हाणीत चाललोय. शेजारच्या गावातही एक मामा तलाव आहे हे कळलं तेव्हा तर मी मनातल्या मनात मामाला जमीनदार करून टाकला. पुढं शाळेत कधीतरी समजलं की मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले हजारो तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पसरलेले, १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जमीनदारी, गेली तेव्हा सरकारकडं आले आणि नावाला तेवढा तो 'माजी' चिकटून राहिला. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं होतं.

पोहायला मी तिथंच शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधलेला, काठाच्या चिखलात टोंगळ्यापर्यंत पाय, आणि मी जीव खाऊन हातपाय मारतोय पण जागचा हलत नाही. मामा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बघायचा. त्याचं शिकवणं म्हणजे एकच वाक्य होतं, "काऊन इतले झाडून राह्यला बाबू? हात मार अन् सोडून दे. मंग पानीच नेते तुले." आठवडाभर मला ते कळलं नाही. मग एक दिवस हात मारला, सोडून दिला, आणि खरंच पाणी घेऊन गेलं, हातभर, दीड हातभर, काहीच न करता. ते जे काहीच न करता पुढं जाणं आहे ना, ते मला अजून अंगात आठवतं. पोहणं म्हणजे तेच, असं मी त्यानंतर चाळीस वर्षं धरून चाललो.

आता मी एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. आमच्याकडं मायक्रोस्कोप सहा, चालू दोन, आणि सहाही कपाटात कुलूप लावून, कारण पोरं फोडतात. प्रॅक्टिकलला ज्या स्लाइडी निघतात त्या विकतच्या, रंगवलेल्या, मेलेल्या. अठरा वर्षं मी जीवशास्त्राच्या नावाखाली पोरांना मेलेल्या गोष्टी दाखवल्या, आणि याचं मला काही वाटतही नव्हतं हे जास्त खराब. मग एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि आम्ही मागच्या डबक्यातलं पाणी आणून बघितलं. चारशेपट मोठं करून. सगळीकडं बारीक ठिपके थरथरत होते, आणि मी जोरात सांगून टाकलं, हे बघा बॅक्टेरिया, कसे जिवंत आहेत बघा. वर्गात एकदम उत्साह. मागच्या बाकावरची एक पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, सर हे पाणी उकळून बघायचं का? उकळलं. गार केलं. बघितलं. ठिपके तसेच थरथरत होते, अगदी मजेत. चिखलाचे कण होते ते. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून थरथरणारे, रॉबर्ट ब्राउननं १८२७ मध्ये परागकणांतल्या कणांत हेच बघितलं होतं आणि मग निर्जीव वस्तूंची पूड टाकूनही ते थांबत नाही याची खात्री करून घेतली होती. म्हणजे जे त्यानं केलं ते त्या पोरीनं केलं आणि जे कोणीही करू नये ते मी केलं. त्या दिवसापासून मी बघायला शिकलो म्हणा. नुसतं हलणं म्हणजे पोहणं नव्हे. थरथरणारा कण जिथल्या तिथं घुटमळतो, आणि पोहणारा त्याच गर्दीतून ठरवल्यासारखा कापत निघून जातो, एकदा दिसला की परत चुकत नाही.

बिघडलेल्या चारपैकी एक मायक्रोस्कोप मी नंतर रीतसर सही करून घरी आणला, आरसा बदलला, लेन्सवरची बुरशी पुसली आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाकडं घेऊन गेलो. धान कापणीचे दिवस. मामा आता चौऱ्याहत्तरचा आहे, टोंगळे गेलेत, पाण्यात उतरत नाही. पण मी दारात पोहोचलो की आधी वाकून माझ्या पाया पडतो, आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, आणि दरवर्षी मला इतकं अवघडल्यासारखं होतं की मी पिशव्या सांभाळायचं नाटक करतो.

तलावाचं पाणी आणलं बाटलीत. हिरवट. ओसरीत टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप, आरशासमोर मोबाईलचा टॉर्च. थेंब, वर काचेची पातळ चकती, कडेनं व्हॅसलिन, नाहीतर थेंब सुकत जातो आणि त्यातलं सगळं एकाच दिशेला वाहायला लागतं आणि आपण समजतो हे सगळे एकजुटीनं कुठंतरी निघाले.

आणि मग ते दिसले. क्लॅमिडोमोनास, एकाच पेशीचं शेवाळ. गोल, हिरवे, एका मिलिमीटरात शंभर बसतील एवढे, तोंडाशी दोन शेपट्या, पण त्यांना शेपट्या म्हणणं चूक आहे कारण ते त्या पुढं ठेवतात आणि आपण बेडूक-पोहणं पोहतो तसे दोन्ही हात एकदम मागं नेतात. सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा. एवढ्या वेगात हात दिसत नाहीत, तोंडाशी नुसती लकलक दिसते. वेग सेकंदाला शंभर मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग, म्हणजे सेकंदाला स्वतःच्या दहा लांब्या. माणसानं एवढं करायचं ठरवलं तर ताशी साठ किलोमीटरनं पोहावं लागेल, मामाची मोटरसायकल गावच्या रस्त्यानं त्याच्या निम्म्यानंही जात नाही.

मी बघत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्यात मामाचं पोहणं शोधतोय. हात मारला, सोडून दिला, पाण्यानं नेलं. ते तिथं नाहीच. हात थांबला की तिथंच. घसरणं नाही, वेग ओसरणं नाही.

याचं कारण पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं, पण समजलं ओसरीत. पाण्यात आपण पुढं जातो तेव्हा दोन गोष्टींची ओढाताण असते. एक आपल्या वजनाला लागलेली गती, जी आपल्याला पुढं रेटत ठेवते, आणि दुसरा पाण्याचा चिकटपणा, जो मागं धरतो. यात पहिली गोष्ट दुसरीच्या किती पट भारी आहे तो आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स मँचेस्टरला होता, काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाचा धागा सोडून त्यानं १८८३ मध्ये दाखवलं की कधी तो धागा सरळ जातो आणि कधी फिस्कटतो. पोहणाऱ्या माणसाचा आकडा दहा हजार, लाख असा. तलावातल्या बारक्या मासोळीचा शंभर धरा. या हिरव्या गोळ्याचा एकाचा हजारावा भाग, आणि बॅक्टेरियाचा तर लाखाव्या भागापर्यंत. पाणी तेच आहे, मामाच्या तलावाचंच, पण लहान व्हाल तसं ते घट्ट होत जातं. पाक होतं. आपल्याला जे पाणी, ते त्यांना तिळसंक्रांतीचा पाक.

एडवर्ड पर्सेल नावाचा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, १९५२ चं नोबेल मिळालेला माणूस, त्यानं १९७६ मध्ये यावर एक भाषण दिलं होतं आणि त्यात हिशोब करून दाखवला होता की बॅक्टेरियानं अचानक शेपूट थांबवली तर तो किती घसरेल. उत्तर येतं हायड्रोजनच्या अणूच्या जाडीचा साधारण दहावा भाग. म्हणजे स्वतःच्या लांबीचा दोन लाखावा हिस्सा, आणि तेवढ्यालाही एका मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळ. मी हा आकडा अनेक वेळा वाचला असेल पण त्या दिवशी वाटलं, बापरे, यांच्यासाठी मघाशी काय केलं त्याची काही किंमतच नाही. मघाचा जोर मघाशीच संपला. आत्ता हात हलतोय तेवढंच खरं.

याच्यातून एक विचित्र गोष्ट निघते आणि ती मी मामाला अडकित्त्यानं सांगितली. अडकित्ता त्याच्या हातातच होता. म्हटलं, मामा, समजा हा अडकित्ता पाण्यात पोहायला सोडला, उघडतोय मिटतोय उघडतोय मिटतोय, तर पुढं जाईल का? मामानं दोनदा उघडून मिटून बघितलं. मग म्हणाला, "हळू उघडला अन् जोरात मिटला, तं जाईन ना." बरोब्बर. सगळे इथंच येतात, मीही आलो होतो. आपल्या आकाराच्या अडकित्त्याचं ते खरं आहे, समुद्रातला एक शिंपला असाच पळतो. पण क्लॅमिडोमोनासच्या आकाराचा अडकित्ता असेल तर हळू-जोरात याला अर्थच राहत नाही. उघडताना जेवढा मागं जाईल तेवढाच मिटताना पुढं येईल, मग तुम्ही उघडायला तास लावा की निमिष. एकाच खिळीवर हलणाऱ्या वस्तूला तिथं पोहता येत नाही म्हणजे येत नाही. पर्सेलनं याला शिंपल्याचंच नाव दिलं होतं, मी आता वर्गात अडकित्त्याचं प्रमेय म्हणून शिकवतो, पोरं पेपरात तसंच लिहून येतील एक दिवस.

मामाला पटलं नाही. पटणारही नाही कुणाला, कारण आपण त्या जगात कधी राहिलो नाही. याचा प्रयोग आहे एक, जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं ऐंशीच्या घरात असताना कॅमेऱ्यासमोर करून दाखवलेला. एका गोल भांड्यात दुसरं गोल भांडं, मधल्या फटीत पाकासारखा घट्ट द्रव, त्यात रंगाचा एक थेंब. आतलं भांडं हळू हळू चार फेरे फिरवलं की रंग पसरून गायब होतो. मग तेवढेच फेरे उलटे फिरवायचे, आणि थेंब परत गोळा होऊन जागेवर येतो. मी हे घरी दोन ग्लासांत केलं होतं, साखरेच्या पाकात, पाक गार झाल्यावर ग्लास एकमेकांत असे बसले की शेवटी गरम पाण्यात उकडून काढावे लागले आणि दोन दिवस स्वयंपाकघरात मुंग्यांचा बाजार. बायको त्यावर जे बोलली ते इथं लिहीत नाही. दुसऱ्यांदा ग्लिसरीन आणलं मेडिकलमधून. कुंकवाचा थेंब टाकला, फिरवला, विरला, उलटा फिरवला, आणि तो परत आला, जरा मळकट, कडेला फाटलेला, पण आला. मी तो व्हिडिओ मामाला दाखवला. त्यानं तीनदा बघितला. मग विचारलं, "मंग हे जातात कसे पुढं?"

हाच खरा प्रश्न. जे केलं ते तसंच उलटं केलं की सगळं फिटतं, तर मग येताना वेगळ्या वाटेनं यायचं. क्लॅमिडोमोनास हात मागं नेताना ताठ ठेवतो, रुंद, आणि पुढं आणताना दुमडून अंगाजवळून सरकवत आणतो. पाकात काडी आडवी ओढली तर जेवढी अडते त्याच्या जवळपास निम्मीच उभी ओढल्यावर अडते. एवढाच फरक. दुप्पट, बस. जगातलं बहुतेक सूक्ष्म पोहणं या दुपटीवर चाललंय, आपल्या शरीरातलं शुक्राणूचंही. आणि येतानाचं जाताना फिटत नाही म्हणून थोडं पुढं, परत थोडं पुढं. हिशोबानं बघितलं तर फार उधळपट्टीचं पोहणं आहे, बॅक्टेरियाची जेवढी शक्ती शेपटीत खर्च होते त्यातली शेकडा एकदोन भागच पुढं जायला लागते, बाकी पाणी ढवळण्यात जाते. पण मुळात खर्चच इतका कमी की त्याला परवडतं.

बॅक्टेरियाची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची शेपटी वळवळत नाही, फिरते. मोटरसारखी, खरोखरच्या चाकासारखी, गोल, सेकंदाला शंभरेक फेरे. हे लोकांना कितीतरी वर्षं पटत नव्हतं, जिवंत वस्तूत चाक असतं का कुठं, सगळे समजायचे की लाट जाते शेपटीतून. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी सांगितलं की नाही, फिरते. पुढच्या वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन या दोघांनी शेपूटच काचेला चिकटवून टाकली, आणि मग शेपूट फिरू शकत नाही म्हणून आख्खा बॅक्टेरियाच गरगर फिरायला लागला, घाण्याच्या बैलासारखा. मला हा प्रयोग फार आवडतो. एवढी मोठी गोष्ट, आणि सिद्ध केली ती चिकटवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा गायकी पाणी प्यायला ओसरीवर टेकला, त्याची गुरं तिकडं कापलेल्या बांधीत पसरलेली. मामानं त्याला आपणहून सगळं सांगितलं, अडकित्त्यासकट, आता प्रमेय मामाचं झालं होतं. मी म्हटलं, आणखी एक ऐका. बॅक्टेरिया सरळ जातो सेकंदभर. मग मोटर उलटी फिरते, शेपट्यांची जुडी सुटते, तो कोलांटी खातो, सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि भलतीकडंच तोंड करून परत सरळ. कुठं वळायचं ते त्याच्या हातात नाही. पण मघाच्या तीन-चार सेकंदांपेक्षा आत्ता चारा बरा लागतोय एवढं त्याला कळतं, आणि बरा लागत असेल तर तो कोलांटी पुढं ढकलतो. बरं चाललंय, चालू दे. एवढ्यावर तो चाऱ्याच्या दिशेनं पोहोचतो. पर्सेलनं त्या भाषणात म्हटलं होतं की हा बॅक्टेरिया कुरणात चरणाऱ्या गाईसारखा फिरत नाही, तोंडाशी आलेलं त्याला आपोआप मिळतं, रेणू पसरून येतात, ढवळायची गरज नाही, तो फिरतो ते जास्त हिरवं कुरण शोधायला.

गायकीनं पाण्याचा गडवा खाली ठेवला. म्हणाला, "तुमच्या त्या सायबानं कधी गुरं राखले नसन." मग त्यानं समजावून सांगितलं. गाय चरताना काही शोधत नाही असं समजू नका. तोंडाला चांगला चारा लागला की मान वर करत नाही, त्याच रेघेत चरत जाते. चारा संपत आला की मान उचलते, कुठंही बघते, कुठंही निघते, बरेचदा चुकीकडंच निघते, मग परत मान उचलते. "दिसभर पाहून राह्यलो ना मी." मी गप्प. १९७२ मध्ये बर्ग आणि दुसऱ्याच एका ब्राउननं बॅक्टेरियाच्या मागं मायक्रोस्कोप पळवून ही कोलांटी मोजली होती, सरासरी ६८ अंश, आणि इकडं हा माणूस जन्मभर काठी घेऊन तेच बघतोय आणि कुणी त्याला विचारलं नाही. ६८ चं मी त्याला सांगितलं नाही, उगाच आगाऊपणा वाटला असता.

बाटलीतलं पाणी मी खिडकीत ठेवून विसरलो होतो. दुपारी मामीनं हाक मारली, हे बघा काय झालं. वरच्या थरात हिरवं दाट गोळा झालं होतं आणि तिथून खाली बारीक बारीक धारा सुटत होत्या, शेवया पाडाव्या तशा. हे जीव खालच्या बाजूला जरा जड असतात म्हणून तोंड वर राहतं, वर पोहत जातात, वर गर्दी होते, स्वतः पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून तो थरच जड होऊन खाली कोसळतो, आणि खाली आलेले परत वर पोहायला लागतात. हॅरॉल्ड वेजर यांनी १९११ मध्ये युग्लीना नावाच्या असल्याच हिरव्या जीवात अशीच नक्षी बघून लिहून ठेवलीय. मामीनं बाटली हलवली. धारा मोडल्या. दहा मिनिटांनी परत जुळल्या. तिनं परत हलवली. मी काही बोललो नाही, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिचं चाललंय ते बरोबर चाललंय.

मामानं मायक्रोस्कोपात बघायला वेळ लावला. चष्मा काढ, घाल, एक डोळा मीट, दुसराच मिटायचा. शेवटी त्याला व्होल्व्हॉक्स सापडला, तो तसा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा हिरवा गोळा. हजारेक क्लॅमिडोमोनाससारख्या पेशी एका गोलावर बसलेल्या, प्रत्येकीचे दोन हात बाहेर, आणि आख्खा गोळा हळू गिरकी घेत जातो, पोटात पुढच्या पिढीचे छोटे गोळे घेऊन. लेव्हेनहूकनं १७०० मध्ये एका पत्रात याचंच वर्णन केलंय. मामा काही बोलेना. किती वेळ. मला वाटलं डोळा लागला की काय.

संध्याकाळी आम्ही पारीवर गेलो, तो काठी टेकत. मी पाण्यात उतरलो. थंड होतं. चार हात मारले, पाचवा मारला आणि सोडून दिला, पाण्यानं नेलं, पूर्वीपेक्षा कमी, पोट सुटलंय. परत येऊन त्याच्या शेजारी बसलो, अंग पुसत.

"ते हात सोडत नाही म्हन्तं ना तू," मामा म्हणाला. "कधीच नाही?"

म्हटलं, सोडून उपयोग नाही मामा. सोडला की तिथंच.

तो तलावाकडं बघत राहिला. मग खिशातून अडकित्ता काढला, सुपारी पात्यात धरली.

"मंग त्याइले कोनी मामा नसन," म्हणाला, आणि कातरायला लागला.